बिनमाईकचा माणूस

रत्नागिरी जिल्ह्यातली निम्मी पोरं प्रज्ञेश सकपाळला आवाजावरून ओळखतात आणि चेहऱ्यावरून कुणीच ओळखत नाही, असं उमेर म्हणायचा. त्यात अतिशयोक्ती होती, पण थोडीच. डिसेंबरपासून मेपर्यंत जिल्ह्यात जिथे जिथे टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा भरतात, तिथे मंडपातल्या टेबलामागे माईक धरून प्रज्ञेश बसलेला असे. सामने यूट्यूबवर लाइव्ह दिसत. मुंबईतले चाकरमानी, आखातातले खलाशी आणि ड्रायव्हर आपल्या वाडीचा सामना बघता बघता त्याचा आवाज ऐकत. त्याच्या बोलण्याचे तुकडे कापून पोरं स्टेटसला लावत.

बाकी माणूस साधा. वय चौतीस. उंची बेताची, केस पुढून विरळ झालेले. कलेक्टर कचेरीजवळच्या एका दुकानात झेरॉक्स काढायचा आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा. बाप धोंडू मुंबईत वॉचमन होता, तो तिथेच वारला. आई कमलाबाई संगमेश्वराकडच्या गावी एकटी राही. "तुझा आवाज रोज ऐकतंय रे, तू कधी दिसणार?" असं ती फोनवर म्हणे.

हा आवाज त्याला जन्माने मिळालेला नव्हता. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा अर्धवट सोडून तो ऐरोलीला एका कॉल सेंटरमध्ये लागला होता. तिथे पहिल्या आठवड्यात एका बाईंनी शिकवलं होतं, की समोरच्याचं नाव पहिल्या मिनिटात तीनदा घ्यायचं. तिसऱ्यांदा घेण्याआधी जरा थांबायचं, म्हणजे त्याला वाटतं की तुम्ही त्याचा विचार करताय. आणि त्याने सांगितलेली एक तरी बारीक गोष्ट लिहून ठेवायची, पुढच्या वेळी ती आपणहून काढायची. प्रज्ञेशने हे चार वर्षं रोज दोनशे माणसांवर केलं. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, तो गावी आला, आणि वाडीच्या स्पर्धेत कॉमेंट्रीवाला आला नाही म्हणून कुणीतरी त्याच्या हातात माईक दिला. त्या दिवशी त्याने एका अकराव्या नंबरच्या खेळाडूचं नाव तीनदा घेतलं, मधे थांबला, आणि म्हणाला, "हा पोरगा सकाळी साडेचारला उठून आंब्याच्या पेट्या भरून आलाय." मैदान टाळ्यांनी दणाणलं. तो पोरगा पहिल्याच चेंडूवर बाद झाला, पण त्याचं नाव राहिलं.

तेव्हापासून प्रज्ञेशजवळ एक लांबट वही असे, मागच्या खिशात मावेल अशी. सामन्याआधी तो प्रत्येक संघात फिरे. नाव, वाडी, आणि एक गोष्ट. मग मंडपात येऊन ते सगळं एकदा मोठ्याने वाचे. मनात वाचून त्याला काही लक्षात राहत नसे. तोंडातून एकदा आवाज गेला, की ती गोष्ट त्या नावाला चिकटून बसे.

वही पुढून संघांची होती. उलटी धरून मागून उघडली, की बायकांची.

हे फक्त उमेरला माहीत होतं. उमेर स्कोअरर. स्क्रीनवरचे आकडे तो टाकायचा आणि उरलेल्या वेळात प्रज्ञेशला टोमणे मारायचा. दोघांचा एक जुना वाद होता आणि तो दर डावाच्या मधल्या वेळेत चहाबरोबर निघे.

"तुझ्यात काय आहे सांग मला," उमेर म्हणे. "माईक काढून घेतला तर रिक्षावाला पण तुझ्यासाठी थांबणार नाय."

"मग त्या सिनेमावाल्यांचं काय? एक सोडली की दुसरी. तीही नावामुळेच?"

"नावामुळेच. फेमस माणसाला स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाय, भावा. आपलं अर्धं आयुष्य त्याच्यातच जातं. मी कोण, कुठला, काय करतो. तो नुसता आला की मुलीच्या डोक्यात अर्धी गोष्ट तयार असते."

"आणि उरलेली अर्धी? ती तोंड उघडल्यावर असते. त्या लोकांचं कामच ते. समोरच्याला वाटायला लावायचं, की जगात तूच आहेस. रोज कॅमेऱ्यापुढे तेच करतात, मग घरी जाऊन विसरतील?" प्रज्ञेश मनापासून बोलत असे. "लांज्याच्या निलेशचं बघ. माझ्यापेक्षा जास्त सामने करतो. आहे कोण त्याला? सामना संपला की माईकबरोबर तोंडही बंद."

एकदा उमेरने त्याचाच फोन घेऊन पोरींकडून आलेले तीन वर्षांचे मेसेज मोजले आणि लॅपटॉपवर त्याची रेघ काढून दाखवली. डिसेंबरात रेघ चढत होती, एप्रिलात डोंगराएवढी होत होती आणि जूनमध्ये सपाट होऊन थेट दिवाळीपर्यंत तशीच पडून होती.

"पावसात तुझं बोलणं बिघडतं काय?" उमेरने विचारलं.

प्रज्ञेश हसला, पण ती रेघ त्याच्या मनातून गेली नाही. खरं सांगायचं तर तो पावसाळ्याला घाबरायचा. जुलैत दुकानात बसून फॉर्मवर लोकांची नावं टाइप करताना समोरची माणसं त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत. सहा जणी आल्या होत्या, सहा जणी गेल्या होत्या. कुणाशी भांडण झालं नव्हतं. थोड्या दिवसांनी प्रत्येकीला त्याच्याजवळ करमेनासं होई, एवढंच. श्रुती जाताना म्हणाली होती, "तू माझ्याशी छान बोलतोस. पण तू सगळ्यांशीच छान बोलतोस ना?" तिला काय म्हणायचं होतं ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

सातवी निशिगंधा.

ती देवरूखला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती. लॅब मैदानाला लागून होती. फेब्रुवारीत स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी ती पांढरा कोट घालूनच मंडपात आली आणि म्हणाली, "आवाज कमी करा. सुई लावताना पेशंट दचकतात."

प्रज्ञेशने माईक खाली ठेवला. नाव विचारलं. मग पहिल्या मिनिटात ते तीनदा घेतलं.

"माझं नाव मला पाठ आहे," ती म्हणाली. "आवाज कमी करा. माझ्या बाबांचे कान असेच गेलेत."

उमेरने स्क्रीनआड तोंड लपवलं. प्रज्ञेशने मात्र लगेच दोन्ही भोंगे पलीकडे वळवायला लावले, आणि संध्याकाळी लॅबच्या दारात जाऊन विचारलं, "आता दचकतायत का?" तिला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. तिच्या फोनमध्ये क्रिकेट नव्हतं. त्यामुळे ती जेव्हा दोन आठवड्यांनी त्याच्याबरोबर चहाला आली, तेव्हा प्रज्ञेशने वाद जिंकल्यासारखं उमेरला फोन करून सांगितलं.

"तुला माहीत नसेल," उमेर म्हणाला, "पण तिच्या लॅबमधल्या पोरांनी तिला तुझे चार व्हिडिओ दाखवलेत. मला तिथल्याच एकाने सांगितलं."

एप्रिलपर्यंत निशिगंधा त्याच्या मनात अशी जाऊन बसली, जशी आधीची कुणी बसली नव्हती. तिचे वडील गंगाराम जाधव अठ्ठावीस वर्षं बोअरवेलच्या गाडीवर होते. कातळ फोडता फोडता कान गेले. आता पोफळीला, वीज प्रकल्पाच्या वसाहतीजवळ छोटं घर बांधून राहत होते. निशिगंधा लहान असताना ते कामावरून महिना महिना घरी येत नसत, आणि येताना पोरीसाठी बोअरमधून निघालेली माती काड्यापेटीत भरून आणत. वरची तांबडी, खालची पिवळी, त्याच्याखालची काळी-निळी. प्रत्येक पेटीवर गाव आणि किती फुटांवरची ते लिहिलेलं. हे सगळं निशिगंधाने त्याला एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून सांगितलं होतं. सांगताना तिचा आवाज बदलला होता. घरी जाऊन प्रज्ञेशने ते वहीच्या मागच्या बाजूला लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

लग्नाचं त्यानेच काढलं. ती म्हणाली,

"मला तू आवडतोस, हे खरं आहे. पण मला काय आवडतं ते कळत नाही. तुझ्याबरोबर बाजारात चाललं की पोरं वळून बघतात, तेही मला आवडतं. खोटं कशाला बोलू? आणि तू बोललास की ऐकत राहावंसं वाटतं. हे दोन्ही काढल्यावर खाली काय आहे, ते मला दिसत नाही."

"मग कसं बघणार?"

"बाबांकडे चल. त्यांनी तुझं नाव ऐकलेलं नाही आणि तुझं बोलणं त्यांना ऐकू येणार नाही. ते माणसाजवळ नुसते बसतात. त्यांनी हो म्हटलं तर माझं हो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"ते नाही म्हणणार नाहीत, प्रज्ञेश. कुणाला म्हणतच नाहीत. पण मला कळेल."

उमेरला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच हसला नाही. "पोरगी डोक्याने चालते," तो म्हणाला. "जा तू. आणि ती वही घरी ठेव, माझं ऐक."

वही त्याने घरी ठेवली नाही. रविवारी सकाळी चिपळूण स्टँडवर पोफळीच्या गाडीची वाट बघताना त्याने तिचं पान उघडलं. पण आजूबाजूला माणसं होती आणि मोठ्याने वाचायची लाज वाटली. त्याने ते मनातल्या मनात वाचलं.

घर नीटनेटकं होतं. समोरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. खिडकीजवळ एका खिळ्याला शाळेत असतो तसा, पण छोटा पांढरा फळा टांगलेला, त्याला दोरीने बांधलेलं मार्कर. निशिगंधाची आई विमला दारातच म्हणाली, "या, जय भीम. ऊन लागलं असेल." गंगाराम खुर्चीतून उठले. उंच, वाकलेले, हाताची बोटं जाड. त्यांनी प्रज्ञेशचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"बस!" ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज. शेजारच्या घरापर्यंत गेला असेल.

प्रज्ञेश बसला. "बाबा, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," तो म्हणाला, आणि ते त्याच्या ओठांकडे बघत राहिले. त्याने तेच पुन्हा, सावकाश म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि हसले.

"मला कळत नाय. बोलू नको तू. बसू."

मग दोघं बसले. निशिगंधा आत आईला मदत करत होती, पण दारातून दिसत होती. घड्याळ टिकटिकत होतं. प्रज्ञेशने तळवे गुडघ्यांवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. इतका वेळ माणसासमोर न बोलता तो कधी बसला नव्हता. गंगारामांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत होते, मधेच त्याच्याकडे बघत होते, जसा एखादा माणूस जुन्या ओळखीच्याबरोबर ओट्यावर बसतो. पाच मिनिटं गेली असतील. प्रज्ञेशला वाटलं, आपण इथे दिसतच नाही आहोत. जुलैमधल्या दुकानात दिसत नाही तसेच.

तो उठला आणि फळ्यापाशी गेला.

मार्कर हातात घेतल्यावर त्याला जाणवलं, की आवाज नसला तर आपल्याला काहीच आठवत नाही. तिसऱ्या नावाआधीचा थांबा फळ्यावर कसा लिहायचा? त्याने जे हाताला आलं ते लिहिलं. अक्षर चांगलं होतं त्याचं.

"निशिगंधा नेहमी सांगते, लहानपणी तुम्ही तिला खांद्यावर बसवून जेटीवर होड्या बघायला न्यायचात."

गंगारामांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. कपाळाला आठी पडली, मग गेली. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर घाटाचा डोंगर उभा होता.

"जेटी?" ते म्हणाले. "हितं?"

विमला चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि फळ्यासमोर थांबली. तिच्यामागे निशिगंधा. तिने वाचलं तेव्हा प्रज्ञेश तिच्याकडे बघत होता, आणि तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही.

जेटी श्रुतीची होती. मिरकरवाडा बंदरावरची श्रुती, तिचा बाप तिला खांद्यावर न्यायचा. वहीतलं चौथं पान.

गंगाराम त्याच्याकडे बघून हसले. खरंच प्रेमाने हसले.

"कुणाची तरी लाडकी पोर आहे ती!" ते त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले. "चांगलंय. पण ती माझी नाय."

प्रज्ञेशने फळा पुसायला फडकं शोधलं. फडकं नव्हतं. फळ्याच्या बरोबर वर एक फळी होती आणि तिच्यावर एका ओळीत काड्यापेट्या मांडलेल्या होत्या. चाळीस तरी असतील. प्रत्येकीवर बॉलपेनने गाव लिहिलेलं, आणि फूट. तो त्यांच्याखाली उभा राहून लिहीत होता.

चहा सगळ्यांनी प्यायला. विमलाने पोहे केले होते, ते आग्रह करून वाढले. तो निघताना गंगारामांनी पुन्हा त्याचा हात धरला आणि तेवढाच वेळ धरला.

निशिगंधा त्याला गाडीपर्यंत सोडायला आली. रस्त्याच्या कडेला ऐनाच्या झाडाखाली दोघं उभे राहिले.

"जेटी कुणाची?"

"श्रुतीची. दोन वर्षांपूर्वीची. आता काही नाही तिच्याशी."

"त्याचं मला काही नाही. लिहून ठेवतोस का तू?"

त्याने खिशातली वही काढून तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.

"माझ्या पानावर काय आहे?"

प्रज्ञेशने वही न उघडता सांगायला सुरुवात केली. बोअरची गाडी, काड्यापेट्या, तांबडी, पिवळी, काळी-निळी. बाबा घरी आल्यावर ती त्यांच्या कानातली धूळ फ्रॉकच्या टोकाने काढायची ते. एकदा देवरूखच्या मातीची पेटी शाळेत नेली आणि बाईंनी फेकून दिली, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती ते. सगळं ओळीने आलं, एकही शब्द चुकला नाही. आवाज जिथे खाली जायला हवा तिथे गेला. तिचं नाव त्याने तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा घेण्याआधी तो थांबला, आणि थांबल्यावर त्यालाच ते ऐकू आलं.

निशिगंधाचे डोळे भरले होते.

"किती छान सांगितलंस," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा छान. मी सांगितलं तेव्हा एवढं छान नव्हतं."

"निशिगंधा, मी घाबरलो होतो. आत घाबरलो म्हणून चुकलो. आवाजाशिवाय मला..."

"माहीत आहे. मला ते दिसलं." तिने डोळे पुसले. "तुला वाटत असेल मी चुकीवर रागावले. चूक कुणाची पण होते. बाबांबरोबर तुला नुसतं बसायचं होतं रे. तेवढंच होतं. बाबा तुझ्याजवळ बसले होते, आणि तू तिथे नव्हतास."

"मला शिकव मग."

"काय शिकवू?" ती म्हणाली. "तू शिकशील. लगेच शिकशील. गप्प कसं बसायचं तेही पाठ करशील, आणि मला ते पण खरं वाटेल."

घाटाकडून गाडी आली. तिने हात केला. गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या आईला नुसता फोन करू नकोस. भेटून ये तिला." आणि वळून चालू लागली. ती वळून बघणार नाही हे त्याला माहीत होतं, तरी तो पायरीवर उभा राहिला, कंडक्टर ओरडेपर्यंत.

गाडीत मधल्या बाजूला खिडकी मिळाली. अलोऱ्याच्या पुढे कंडक्टर तिकीट द्यायला आला.

"चिपळूण एक," प्रज्ञेश म्हणाला.

कंडक्टरने मशीनवरून मान वर केली. "परत बोला?"

"चिपळूण एक."

"तुम्ही ते कॉमेंट्रीवाले ना? सकपाळ! अवो, आवाजावरून ओळखलं मी!" पुढच्या दोन बाकांवरची माणसं वळली. एक कॉलेजातली मुलगी वळली आणि हसली. "माझा पोरगा वेडा हाय तुमच्यासाठी. जरा त्याचं नाव घेऊन बोला ना, मोबाइलमध्ये. ओंकार नाव. डावखुरा हाय."

नाही म्हणावं, असं प्रज्ञेशला वाटलं. पण फोन तोंडापुढे आला आणि घसा आपोआप मोकळा झाला. त्याने ओंकारला खेळायला उतरवलं, एक चेंडू सोडायला लावला, दुसरा डोंगरापलीकडे टोलवायला लावला. गाडीत टाळ्या पडल्या. कंडक्टरने ते तिथेच पुन्हा वाजवलं, मोठ्या आवाजात, मग ड्रायव्हरला ऐकवण्यासाठी आणखी एकदा. प्रज्ञेश खिडकीला डोकं टेकून ऐकत राहिला. ओंकार. ओंकार. मग थांबा. मग ओंकार. प्रत्येक वेळी तेवढाच थांबा.

फोन खिशात ठेवून कंडक्टर जरा घुटमळला. "पोरगी पण हाय एक. सहावीत. तिला नाय ऐकवलं तर रुसंल. तिचं पण एक कराल काय?"

"करू ना," प्रज्ञेश म्हणाला. त्याचा हात मागच्या खिशाकडे गेला, वही बाहेर आली, आणि पुढच्या बाजूचं कोरं पान उघडलं गेलं. "नाव काय तिचं?" त्याने विचारलं. "आणि तिची एखादी गोष्ट सांगा."